हयातीचा दाखला

नोव्हेंबरात रूपराव तायवाडे येतात
फाट्यावरच्या माझ्या सेतू केंद्रात.
जिनिंगला निघालेल्या कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत,
डावा पाय जरा उशिरा पोचतो.
इस्त्रीचा पांढरा सदरा, पेन्शनचं पुस्तक
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर.
"लाव बाप्पा मशीन," म्हणतात,
"पाहू औंदा जित्ता हावो का मी."

अंगठा ठेवतात. मशीन लाल.
तर्जनी. लाल.
उजव्या हाताची सगळी, मग डाव्या हाताची उरलेली तीन.
बर्फानं खाल्लेल्या बोटांवर रेषा नाहीत
आणि कुठल्याशा दूरच्या संगणकाला
रेषा नसलेला माणूस कळत नाही.
पुन्हा प्रयत्न करा, असं लिहून येतं.
मागे रांगेत सात-बारावाले,
जातीच्या दाखल्याची पोट्टी,
कोणी च्यक् करत नाही.
शेवंताबाई तर आपला नंबर सोडून
त्यांचा चहा सांगून येते, बिनसाखरेचा.

घरात एकोणीस शाली आहेत,
दर सव्वीस जानेवारीची एक.
नारळाची चटणी होते, शालीचं काय करावं?
वच्छलाकाकू थंडीत शेळीच्या पिलांना पांघरतात.
जरीकाठाची पाच पिलं अंगणात उड्या मारतात
तेव्हा रूपराव हसतात,
एरवी इतकं मोठ्यानं नाही.

भरतीला ज्याच्यासोबत गेले, एकाच ट्रकला लटकून,
त्या अंबादासच्या नावाची कमान आहे वेशीवर.
रूपराव तिच्याखालून जात नाहीत.
नाल्याकडून येतात, अर्ध्या कोसाचा फेर.
का, ते कोणी विचारलं नाही.
ग्रामपंचायतीनं मागच्या साली नाल्यावर
सिमेंटचे दोन पाईप टाकले, वर मुरूम.
ठरावात लिहिलं, शेतरस्ता.
तिकडे कोणाचं शेत नाही.

आणि वराती.
पारापासून त्यांच्या घरापर्यंत
गुलाब डोंगरेचा बँड बंद होतो,
नुसते पाय वाजतात, घोडीचे घुंगरू,
नवरदेव अवघडून बसतो.
बाहेरगावचे पाहुणे विचारतात,
इथं कोणी मेलं का?
आम्ही सांगतो, नाही. जिवंत आहे.

आधी असं नव्हतं.
दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात आर्वीकडची वरात आली,
पोरांनी हजाराची लड लावली पारापाशी
आणि रूपराव, आहेर घेऊन निघालेले,
इस्त्रीच्या कपड्यांनिशी नालीत पालथे.
लोक हसले.
मीही हसलो, चौदा वर्षांचा होतो.
गुलाबनं क्लॅरनेट पारावर ठेवला,
झालरीच्या लाल कोटासकट
त्यांच्या बाजूला नालीत आडवा झाला
आणि कानाशी विचारलं,
"नाईकसाहेब, आता उठाचं कवा?"
बराच वेळ दोघं तसेच, नाकाला चिखल.
मग रूपराव म्हणाले, "थांब. आखीन एक बाकी हाय."
होता खरंच, एक राहिलेला.
तो फुटला.
मग उठले.

औंदा मी डोळ्याचं यंत्र आणलं, हप्त्यावर.
म्हटलं, काका, पापणी हलवू नका.
असं सांगायची गरज नव्हती त्यांना.
चार सेकंद लागतात. मशीन हिरवं झालं,
प्रिंटर खडखडला, कागद बाहेर आला,
रूपराव तायवाडे, हयात.
झालं काका, म्हटलं.
ते तसेच. डोळा उघडा,
यंत्राच्या पार पलीकडे कुठंतरी लावलेला.
चहावर साय धरली.
रांगेतलं कोणी हललं नाही.
मी स्टूल ओढलं
आणि त्यांच्या बाजूला बसलो.